मिठाचा डबा एकच

पूर्वी पोटॅशियम हे नाव घरात यायचं ते रक्ताच्या रिपोर्टवरून, नाहीतर इस्पितळातून सोडताना हातात दिलेल्या बाटलीवरून. आता ते मिठाच्या पुडीवर असतं, जिमवाल्यांच्या पावडरीत असतं, अमेरिकेहून आलेल्या भाच्याच्या बॅगेतल्या गोळ्यांतही असतं. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नेहमीच्या मिठाऐवजी कमी सोडियमचं, पोटॅशियम घातलेलं मीठ वापरायची शिफारस केली आणि स्वयंपाकघरातच दोन पक्ष पडायची सोय झाली.

पुढच्या संवादातली माणसं माझ्या कल्पनेतली आहेत. वहिनी साताऱ्यात कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळायला जातात आणि बीपी १४०च्या पुढे गेल्यापासून मिठाच्या मागे लागल्या आहेत. त्यांच्या धाकट्या दिरांचं, भावजींचं, मेडिकल आहे. घर एकत्र. आई शहात्तर वर्षांच्या. त्यांना मधुमेह आहे, बीपी आहे, गुडघे आहेत.

वहिनी : आजपासून घरात हेच मीठ. जुनं फक्त लोणच्यापुरतं ठेवलंय.

भावजी : पुडी उलटी करा बघू. हं, पोटॅशियम क्लोराइड. हेच माझ्या काउंटरवर कुणी चिठ्ठीशिवाय मागितलं ना, तर मी आधी चार प्रश्न विचारतो.

वहिनी : विचारा. माझी उत्तरं तयार आहेत. चीनमधली ६०० खेडी, जवळजवळ २१,००० माणसं. निम्म्या खेड्यांत साधं मीठ चालू ठेवलं, निम्म्यांत पाऊण भाग साधं नि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड. सरासरी पावणेपाच वर्षं लक्ष ठेवलं. पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. २०२१ साली छापून आलंय. अमुक खा, तमुक सोडा असा उपदेश नाही, डॉक्टरकडे खेपा नाहीत, नुसतं मीठ बदललं.

भावजी : निकाल खोटा आहे असं मी म्हणतच नाही. त्यात माणसं कुठली घेतली होती?

वहिनी : ज्यांना आधी पक्षाघात होऊन गेला होता ती, नाहीतर साठी उलटलेली आणि बीपी आटोक्यात नसलेली.

भावजी : आणि कुणाला घेतलं नव्हतं?

वहिनी : मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना. पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी चालू असलेल्यांना. पोटॅशियमचं औषध घेणाऱ्यांना.

भावजी : एवढंच नाही. घरात दुसरं कुणी तसं असेल, तरी त्या घरातला माणूस घेतला नव्हता.

वहिनी जरा थांबल्या. त्यांनी हे वाचलं होतं, पण त्याच्यावर बोट ठेवलं नव्हतं. मला तरी त्या सगळ्या अभ्यासातली सर्वांत शहाणी अट हीच वाटते. गोळी एका माणसाच्या नावाने लिहिली जाते, मीठ कुणाच्याच नावाने लिहिलं जात नाही. आमटी एका पातेल्यात होते आणि ती सगळ्यांच्या ताटात जाते.

वहिनी : बरं, पण प्रमाण तरी बघा. चिमूटभर मिठात असून असून किती पोटॅशियम असणार?

भावजी : करा हिशेब. रोज आठ ग्रॅम मीठ खाणारा माणूस घ्या, आपल्याकडे एवढं सहज जातं. त्याचा पाव भाग म्हणजे दोन ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. रिपोर्टवरच्या मापात ते होतं साधारण २७ एमइक्यू. माझ्याकडे जे दहा टक्क्यांचं पोटॅशियमचं सिरप मिळतं, त्याचे १५ मिली म्हणजे २० एमइक्यू. सिरप द्यायला डॉक्टरांची सही लागते आणि किती दिवस ते लिहावं लागतं. मिठाला यातलं काही लागत नाही. आता, सगळ्याच पुड्यांत पाव भाग नसतो. काहींत सोडियम फक्त पंधरा टक्क्यांनी उतरवलेलं असतं. म्हणून पुढचं नाव सोडा, मागचे आकडे वाचा.

वहिनी : मग माझाही हिशेब ऐका. मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, म्हणजे १० एमइक्यू. तुमचे सत्तावीस झाले पावणेतीन केळी. जागतिक आरोग्य संघटनाच मोठ्या माणसाने दिवसाला निदान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम खावं म्हणते, म्हणजे ९० एमइक्यू. पॉलिशचा भात, मैद्याची बिस्किटं, वाटीच्या तळाला भाजी, असं जेवणारे लोक तिथवर पोचत नाहीत. सोडियम भरमसाट आणि पोटॅशियम तोकडं, या दोन्हींनी मिळून बीपी चढतं. तुम्ही पावणेतीन केळ्यांना भिताय.

भावजी : ज्याची मूत्रपिंडं धड आहेत त्याच्यासाठी नाही भीत. रोज खाल्लेल्या पोटॅशियमपैकी जवळजवळ नव्वद टक्के तीच बाहेर टाकतात. ती दमली की केळंही मोजून खावं लागतं. डायलिसिसवरच्या पेशंटला बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकडून, पाणी ओतून देऊन मगच खायला सांगतात ना?

इथे वहिनींच्या अंगातल्या बाई जाग्या झाल्या, म्हणजे शिकवणाऱ्या. त्यांनी जे सांगितलं ते दोघांच्याही बाजूचं होतं.

वहिनी : शरीरातलं अठ्ठ्याण्णव टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर, रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात, सगळं मिळून साठ-सत्तर एमइक्यू. रक्तातली पातळी ३.५ ते ५ या चिंचोळ्या पट्टीत राहायला हवी, कारण हृदयाच्या ठोक्याची वीज या आतल्या-बाहेरच्या फरकावर चालते. जेवलो की इन्शुलिन सुटतं आणि ते साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं. मग मूत्रपिंडं सावकाश, तासातासाने, जास्तीचं बाहेर काढतात. ही दोन्ही दारं उघडी असली तर माणूस शहाळं पिऊन, वर रताळ्याचा कीस खाऊन खुशाल राहतो.

भावजी : आणि मधुमेहात पहिलं दार कुरकुरतं, म्हातारपणी दुसरं. आईंना दोन्ही आहे.

वहिनी : आईंचं क्रिएटिनिन १.१ आहे. रेंजमध्ये आहे.

भावजी : १.१ तुमचं असतं तर मीही गप्प बसलो असतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि आईंच्या अंगावर आता स्नायू उरलेत किती? वय नि बाईमाणूस धरून सूत्रात घाला, मूत्रपिंडाची गाळण बावन्नच्या आसपास निघते. साठच्या खाली. कागदावर तांबड्या शाईत काही छापलेलं नाही म्हणून आपण सुखात आहोत.

वहिनी : बावन्न म्हणजे निकामी नव्हे.

भावजी : नव्हेच. नुसत्या बावन्नाने काही होणार नाही. त्यांच्या गोळ्या मिळवा त्यात. बीपीसाठी टेल्मिसार्टन. तिने पोटॅशियम बाहेर पडायचं थोडं कमी होतं. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, सगळ्यांचं तेच. गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक, ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आखडते. उद्या पाय सुजले आणि कुणी स्पायरोनोलॅक्टोन लिहिली, की ती पोटॅशियम धरूनच ठेवते. लघवीला जळजळ झाली आणि को-ट्रायमोक्साझोल दिली, की त्यातलं ट्रायमेथोप्रिमही तेच करतं. यातली कुठलीही गोळी वाईट नाही. मी त्या रोज विकतो. पण या पंगतीत तुमचं मीठ येऊन बसलं की वाढप्याला कळत नाही ताट कधी भरलं.

वहिनी : तुम्ही दुकानदार ना, म्हणून सगळीकडे वाईटच दिसतं. शंभर माणसं बरी होऊन जातात ती परत काउंटरवर येत नाहीत.

भावजी : एक दाखला देतो. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोनचा मोठा अभ्यास आला. हृदय दुबळं झालेल्या रुग्णांचे मृत्यू तिने स्पष्ट घटवले. कॅनडातल्या ऑंटारिओत डॉक्टरांनी ती धडाधड लिहायला घेतली. अभ्यासातले रुग्ण निवडून घेतलेले, रक्त वरचेवर तपासलेले. बाहेर तसं राहिलं नाही. पोटॅशियम वाढलं म्हणून इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ झालं.

वहिनी : आता उरलेलं मी सांगते. स्कॉटलंडमध्ये टेसाइड भागातही हीच गोळी तेवढ्याच उत्साहाने सुरू झाली आणि तिथे अशा भरत्या वाढल्या नाहीत. तिथे रक्ततपासणी नेमाने होत होती. २०१० मध्ये ते छापून आलं. म्हणजे गोळी तीच, फरक बघण्यात. मग मिठावर बंदी कशाला? तपासणी करा म्हणा.

हा मुद्दा वहिनींचा, आणि तो भावजींच्या भीतीपेक्षा वजनदार आहे. पण तो मिठाला लावायला गेलं की लंगडतो. टेसाइडच्या डॉक्टरांना गोळी कुणाला दिली ते ठाऊक होतं. मीठ कुणी किती खाल्लं याची नोंद कुठे असते? चीनच्या अभ्यासातही पोटॅशियम वाढल्याचे प्रसंग दोन्ही गटांत सारखेच निघाले, आणि वहिनींनी ते लगेच सांगितलंही. भावजी त्यावर म्हणाले की सगळ्यांचं रक्त वरचेवर तपासलं नव्हतं, जे उघड झालं ते मोजलं. दोघंही खरं बोलत होते.

वहिनी : सिरपचं काय मग? ते तर तुम्हीच देता.

भावजी : देतो, आणि कधी कधी आग्रहाने देतो. टोर्सेमाइड, फ्युरोसेमाइड, क्लोरथॅलिडोन या गोळ्यांनी लघवीवाटे पोटॅशियम जातं. जुलाब-उलट्यांनी जातं. दम्याच्या वाफाऱ्यांनीही तात्पुरतं उतरतं. २.५पर्यंत घसरलं की हातपाय गळतात, पोट फुगतं, ठोके चुकतात. डिगॉक्सिन चालू असेल तर लय बिघडायला वेळ लागत नाही. अशा वेळी ‘केळी खा’ म्हणणं हा निष्काळजीपणा. पातळी एकने उतरली तर एकूण तूट साधारण दोन-तीनशे एमइक्यूची असते. ती औषधानेच भरायची, मधेमधे रक्त तपासून. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरावं लागतं, नाहीतर दिलेलं पोटॅशियम लघवीतून निघून जातं.

वहिनी : म्हणजे तुमची तक्रार औषधावर नाहीच.

भावजी : माझी तक्रार बाटली संपल्यावर सुरू होते. जुलाबानंतर पाच दिवसांसाठी लिहिलेलं असतं. माणूस बरा होतो, त्याला वाटतं यानेच ताकद आली. मग मळकी चिठ्ठी घेऊन दर महिन्याला, ‘तेच द्या, गोडसर-खारट असतं ते’. कुणी मूतखड्यासाठी दिलेलं पोटॅशियम सायट्रेटचं सिरप वर्षभर पितं. त्याच्या ५ मिलीत १० एमइक्यूच्या आसपास असतं, पण नाव खड्याचं म्हणून हिशेबात कुणीच धरत नाही. तिकडे दुसरा माणूस, टोर्सेमाइड चालू असताना, चव वाईट म्हणून सिरप आपणच बंद करतो. मी दोघांनाही परत डॉक्टरांकडे पाठवतो. दोघंही शेजारच्या मेडिकलात जातात.

घ्यायची रीत भावजींनी घाईत सांगितली, कारण ती त्यांना तोंडपाठ आहे. सिरप तसंच तोंडात ओतायचं नाही. अर्ध्या पेल्याहून जास्त पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोटघोट. सावकाश विरघळणारी गोळी चावायची नाही, कुटून द्यायची नाही, भरल्या पेल्याबरोबर बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेला चिकटली तर तिथेच व्रण होतो. गिळायला त्रास असेल तर गोळीचा आग्रह न धरता तसं डॉक्टरांना सांगायचं. शौचात गोळीचं टरफल दिसलं तर घाबरायचं नाही, औषध आधीच निघालेलं असतं.

वहिनी : माझ्या भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या गोळ्या बघा. एकेकीत ९९ मिलिग्रॅम. एवढ्याला तरी हरकत नसेल.

भावजी : या तुम्ही घ्या. केळ्याचा पाव भागही नाही. साठच्या दशकात पोटॅशियम क्लोराइडच्या गोळ्यांनी लहान आतड्याला व्रण झाल्याचं दिसलं, म्हणून तिकडे खुल्या विक्रीच्या गोळ्या शंभराच्या आत ठेवायची पद्धत पडली. खरी कमतरता असली तर यांनी काही होणार नाही, नसली तर यांची गरज नाही. घेताय कशासाठी?

वहिनी : घाट चढून आलं की पोटऱ्यांत गोळे येतात.

भावजी : ते पाय दमल्याचे. पळणाऱ्याच्या पायातल्या गोळ्यांना पोटॅशियम क्वचितच कारण असतं. रात्रीच्या वांबांचंही बहुतेक वेळा तेच. घामात सोडियम पुष्कळ जातं, पोटॅशियम थोडं. तुमच्यासारख्याने पळून आल्यावर शहाळं प्यावं, चवीसाठी. मात्र आठ बाटल्या पिऊ नयेत.

वहिनी : आठ कोण पितं?

भावजी : अमेरिकेत एकाने प्यायल्या. उन्हात टेनिस खेळताना दिवसभर नुसतं नारळपाणी. घेरी येऊन पडला, पोटॅशियम धोक्याच्या पातळीला. २०१४ मध्ये हृदयाच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात हकीकत आली. वाचला तो.

वहिनी : म्हणजे नैसर्गिक म्हणून वाटेल तितकं नाही, हे मान्य. मग आईंच्या चतुर्थीचं काय कराल? बटाट्याची भाजी, रताळं, दाण्याची आमटी, राजगिरा, वर शहाळं. महिन्यातला सर्वांत जास्त पोटॅशियमचा दिवस तुमच्या घरात उपासाचा असतो.

भावजी हसले. हे त्यांनाही सुचलं नव्हतं. चांगल्या मूत्रपिंडांना तो फराळ पौष्टिकच आहे, बिघडलेल्यांना मात्र आहारतज्ज्ञाला विचारूनच. उपासाचं सैंधव मात्र या भांडणात कुठेच बसत नाही. ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. बीपीसाठी ते खाणारे गुलाबी रंगाचे पैसे देतात.

वहिनी : मला एक सांगा. वाढलेलं असेल तर आधी कळेल ना? अशक्तपणा, मुंग्या, काहीतरी?

भावजी : तीच मेख आहे. कमी झालेलं पुष्कळदा जाणवतं, वाढलेलं पुष्कळदा जाणवत नाही. एकदम ठोकाच बिघडतो. साडेसहाच्या वर गेलं किंवा ईसीजीत बदल दिसला, तर तासांचं काम. कॅल्शियमचं इंजेक्शन, इन्शुलिन नि ग्लुकोज, वेळ आली तर डायलिसिस. उलटपक्षी, खोटं वाढलेलंही येतं. हाताला पट्टा फार वेळ आवळला, मूठ उघडझाप केली, नळी तासन्‌तास तशीच राहिली, तर रक्तपेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि कागदावर ६ छापून येतं. अशा वेळी डॉक्टर पुन्हा नमुना घेतात, ईसीजी काढतात. ‘लॅबचीच चूक असेल’ असं आपण घरबसल्या ठरवायचं नसतं.

वहिनी : शिफारशीतही तशी अट आहेच, नाही म्हणत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेले, गरोदर बाया, लहान मुलं यांना ती लागू नाही. पण भावजी, या अटीच्या धाकाने माझ्यासारख्या चाळिशीतल्या, मूत्रपिंडं ठणठणीत असलेल्या माणसांनी पक्षाघाताची वाट बघत साधं मीठ खात राहायचं? आपल्या देशात त्रासाच्या माणसांपेक्षा बीपीची माणसं कितीतरी जास्त आहेत.

भावजी : तुम्ही खा. वेगळ्या डब्यातून.

वहिनी : आणि आमटी दोनदा करू?

भावजी : नका करू. आमटीत मीठच कमी घाला. पाश्चात्त्य देशांत निम्म्याहून जास्त मीठ पाकिटबंद खाण्यातून पोटात जातं, ते घरच्याच्या हातात नसतं. आपल्याकडे बरंचसं आपल्याच चमच्याने पडतं. कणकेत मीठ नको, भातात नको, ताटात वाढून ठेवायचं नको, पापड-लोणचं रोज नको. सोडियम उतरेल आणि पोटॅशियमचा प्रश्न येणारच नाही. तुमच्या ताटापुरतं वरून तुमचं मीठ भुरभुरवा.

वहिनी : कमी मिठाचं जेवण आई दोन दिवस खातील, तिसऱ्या दिवशी शेजारून चटणी मागवतील. लोक अळणी खात नाहीत म्हणूनच तर हे मीठ काढलं. तुम्ही उपदेशावर विसंबताय आणि मी पदार्थ बदलतेय.

भावजी : मान्य. तरी आईंचं रक्त बघितल्याशिवाय नाही. पोटॅशियम, क्रिएटिनिन, आणि नुसता आकडा नको, गाळणीचा वेगही छापून मागा. मग डॉक्टर हो म्हणाले तर आणा, आणि आणल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा. मधेच नवी गोळी सुरू झाली, जुलाब लागले, तर परत.

वहिनी : शनिवारी नेते त्यांना. डॉक्टरांना दाखवायला गोळ्यांची यादी करून द्या.

भावजी : यादी नको, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. आईंनी सांगितलेल्या यादीत गुडघ्याची गोळी कधीच नसते. ती उशीखाली असते.